कार्ड कुणाच्या नावावर? गांजाचं औषध, मॉर्फिन आणि निलंग्यातला रुग्ण

निलंग्यातल्या एखाद्या रुग्णाला औषध म्हणून गांजा मिळावा यासाठी नाव नोंदवायचं असेल, तर ते नोंदवायला जागाच नाही. तहसीलला नाही, सरकारी दवाखान्यात नाही, लातूरला अन्न व औषध प्रशासनाकडे नाही आणि मुंबईत मंत्रालयातही नाही. तरीही हा प्रश्न विचारला जातो, आणि विचारणारी माणसं गंजेडी नसतात. घरात कॅन्सरचा पेशंट असतो, नाहीतर दिवसातून दहा वेळा फिट येणारं लेकरू असतं. कुणीतरी मोबाइलवर अमेरिकेतल्या कार्डाचा व्हिडिओ पाठवतो, न्यू जर्सीत असलेला भाचा फोनवर सांगतो की इकडे हे सगळं कायदेशीर आहे, आणि घरातला कर्ता माणूस मेडिकलवाल्याला हळूच विचारतो, "ते गांजाचं तेल मिळतंय म्हणे, परवाना कुठं काढावा लागतो?"

मेडिकलवाला हसतो, किंवा घाबरतो. नेमकं उत्तर त्याच्याकडेही नसतं, कारण ते एका ओळीचं नाही.

कायद्यापासून सुरुवात करू. अंमली पदार्थांचा आजचा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला. त्या दिवशी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी निलंग्याचेच शिवाजीराव पाटील निलंगेकर होते. कायदा दिल्लीचा, तेव्हा त्याचं श्रेय किंवा खापर त्यांच्याकडे जात नाही. पण निलंग्याच्या लोकांना तारीख लक्षात ठेवायला सोपं जावं. या कायद्याच्या आठव्या कलमात अंमली पदार्थ पिकवणं, बाळगणं, विकणं, वापरणं या सगळ्यावर बंदी आहे, आणि त्याच वाक्यात अपवादही आहे: वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणासाठी, नियमांत सांगितलेल्या पद्धतीने आणि तेवढ्यापुरतं. दहावं कलम गांजाच्या लागवडीचे आणि वापराचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना देतं. म्हणजे दार आहे, पण कडी राज्य सरकारच्या बाजूला आहे. रुग्णाने अर्ज करावा, डॉक्टरने दाखला द्यावा, नातेवाइकाच्या नावाची नोंद व्हावी आणि दुकानातून माल मिळावा, अशी योजना महाराष्ट्राने केलेली नाही.

तरीही गांजा बाळगला तर काय होतं, हेही सांगायला हवं, कारण 'औषधापुरतंच आहे साहेब' हा बचाव पोलीस ठाण्यात चालत नाही. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याच्या लेखी 'अल्प मात्रा'. त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोच्या वर गेलं की किमान दहा वर्षं. चरसाची 'अल्प मात्रा' गांजाहून कितीतरी खाली, १०० ग्रॅमची. आणि लागवड? तुरीत नाहीतर उसात लपवलेल्या झाडांच्या बातम्या आपल्याकडच्या पेपरांत अधूनमधून येतात. त्या शेतकऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. घरच्या आजाऱ्यासाठी परसात एक झाड लावलं तरी कलम तेच लागतं.

भांगेची गोष्ट वेगळी आहे, आणि इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. एनडीपीएसच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली पानं आणि बिया त्यातून वगळलेल्या आहेत. भांग पानांची, म्हणून ती या कायद्याबाहेर राहते. कर्नाटक उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये एका जामिनाच्या प्रकरणात हीच बाजू मान्य केली. पण निलंगा बिदरला कितीही जवळ असलं तरी ते महाराष्ट्रात आहे, आणि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. त्यात भांगही मादक द्रव्यांत येते. विनापरवाना भांग बाळगणं हा इथे गुन्हा आहे. काशीत सरकारमान्य दुकानातून मिळते म्हणून लातूरच्या बसस्टँडवर चालेल, असं नाही.

गंमत अशी की 'प्रकृतीसाठी परवाना' ही कल्पना आपल्याला परकी मुळीच नाही. याच दारूबंदी कायद्यात आरोग्य परवान्याचं स्वतंत्र कलम आहे. महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, आणि तो परवाना कागदोपत्री प्रकृतीच्या रक्षणासाठी असतो. वर्षाचा शंभर रुपयांत, तहहयात हजार रुपयांत, असे दर कित्येक वर्षं चालत आले. परमिट रूममधल्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांच्या खिशात तो असतो, हे विचारू नये. दारूसाठी डॉक्टरी कारणाचा अर्ज करण्याची सोय असलेल्या राज्यात वेदनेसाठी मात्र तशी सोय नाही, इतकं नोंदवून पुढे जाऊ.

प्रकृतीच्या कारणासाठी नोंदणी अफूच्या बाबतीतही होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये अखिल भारतीय अफू परिषद झाली आणि औषधाखेरीजची अफू दरवर्षी दहा टक्क्यांनी कमी करत ३१ मार्च १९५९ पर्यंत बंद करायचं ठरलं. ज्यांना सोडणं शक्यच नव्हतं, अशा जुन्या अफूखोरांची नावं वैद्यकीय दाखल्यावर नोंदवून त्यांना ठरावीक मात्रा देण्याची पद्धत त्यानंतरही राहिली. नाव, दाखला, मात्रा, तारीख: आज परदेशातल्या कार्डावर जे असतं, ते आपल्या वह्यांत तेव्हा होतं. त्याहीआधी निलंगा निजामाच्या बिदर जिल्ह्यात असताना अशा नशेच्या मालाचा कारभार अबकारी खात्याकडे होता. ब्रिटिश मुलखात तर १८९३-९४ मध्ये गांजा-भांगेवर अख्खा आयोग बसला. हजारावर साक्षी घेऊन त्याने सांगितलं की माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, संपूर्ण बंदी नको, नियंत्रण आणि कर असावा. कलकत्त्यात डॉक्टर ओशॉग्नेसी यांनी १८३९ च्या सुमारास धनुर्वातावर आणि लहान मुलांच्या झटक्यांवर गांजाचा अर्क वापरून त्यावर निबंध लिहिला होता, तिथून हे औषध विलायतेत गेलं. आज तेच आपण तिकडून आलेली नवलाई म्हणून पाहतो आहोत.

आता भाच्याच्या न्यू जर्सीकडे. अमेरिकेत औषधी गांजाला मान्यता देण्याची सुरुवात कॅलिफोर्नियाने केली. १९९६ मध्ये तिथे मतदारांनी कौल दिला, आणि २००३ च्या कायद्याने ओळखपत्राची पद्धत आणली. रुग्णाने आपल्या काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या, आरोग्य खात्यात जाऊन अर्ज करायचा. डॉक्टरची शिफारस, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि फोटो द्यायचा. गरिबांसाठी फी निम्मी. न्यू जर्सीचा कायदा जानेवारी २०१० चा. तिथे आधी डॉक्टरची नोंद लागते. मग तो डॉक्टर, ज्याचे तुम्ही खरोखरचे पेशंट आहात, तुमचा आजार यादीत बसतो असं संगणकावर नोंदवतो, आणि त्याने दिलेल्या क्रमांकावर तुम्ही स्वतःचा अर्ज भरता. महिन्याला तीन औंसांची मर्यादा आहे. आयुष्याचे शेवटचे महिने काढणाऱ्याला ती लागू नाही.

या पद्धतीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट काळजीवाहू माणसाची. रुग्ण उठून दुकानापर्यंत जाऊ शकत नसेल तर तो स्वतः एका माणसाचं नाव देतो: बायको, मुलगा, सून, शेजारी. त्या माणसाचं वय १८ पूर्ण लागतं, त्याची माहिती तपासली जाते आणि त्याला त्याच्या नावाचं कार्ड मिळतं. त्या कार्डामुळे तो माल आणू शकतो, जवळ ठेवू शकतो, रुग्णाला देऊ शकतो, आणि पोलिसाने हटकलं तर कार्ड दाखवू शकतो. कॅनडातही रुग्णाने डॉक्टरचा कागद घेऊन परवानाधारक विक्रेत्याकडे नाव नोंदवायचं असतं, आणि स्वतःपुरती लागवड करायची झाली तर ती करून देणारा माणूस नेमता येतो. ब्रिटनने १ नोव्हेंबर २०१८ पासून वेगळी वाट धरली. तिथे कार्ड नाही, तज्ज्ञ डॉक्टरची चिठ्ठी आहे.

परदेशातल्या मराठी घरांना मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. राज्याचं कार्ड म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची संमती नव्हे. तिथल्या नागरिकत्व खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंधित कृत्य नागरिकत्वाच्या अर्जात 'सद्वर्तना'च्या आड येऊ शकतं. एच-वन-बी वर असलेल्या मुलाने आईसाठी काळजीवाहू कार्ड काढण्याआधी वकिलाला विचारावं. आणि सुट्टीत गावाकडे येताना गांजाच्या औषधाची बाटली बॅगेत टाकू नये. मुंबईच्या विमानतळावर न्यू जर्सीचं कार्ड चालत नाही. तिथे एनडीपीएसचं आयातीचं कलम चालतं.

मग इंटरनेटवर दिसणारं, घरपोच येणारं, 'शंभर टक्के कायदेशीर' असं लिहिलेलं तेल काय आहे? ते आयुर्वेदाच्या वाटेने आलेलं आहे. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. जातिफलादि चूर्ण, त्रैलोक्यविजया वटी असे तिचे जुने पाठ आहेत, आणि राज्याच्या आयुष परवान्यावर ती औषधं बनतात. अलीकडे काही कंपन्यांनी याच परवान्यावर विजयेच्या अर्काची तेलं काढली आहेत. नोंदणी म्हणजे बहुधा एवढंच: संकेतस्थळावर एक अर्ज भरायचा, त्यांच्या वैद्यांशी फोनवर बोलायचं, चिठ्ठी तयार होते, कुरिअर येतं. औषध कायद्यात भांग आणि गांजा आयुर्वेदिक विषद्रव्यांच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे बाटलीवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावी लागते. ती बारीक अक्षरात असते. बाटली हातात आली की आधी ती सूचना शोधा, मग परवाना क्रमांक, मग बॅच, मग एका मिलिलीटरमध्ये टीएचसी किती आणि सीबीडी किती ते पाहा. यातलं टीएचसी नशा आणतं, सीबीडी आणत नाही. हे आकडे नसतील तर त्या बाटलीत काय आहे हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि वैद्यांनाही नाही.

माझं मत विचाराल तर इथली कायद्याची जमीन भुसभुशीत आहे. पानं एनडीपीएसच्या बाहेर, हे खरं. पण त्याच कायद्यात झाडापासून वेगळी काढलेली राळ कोणत्याही रूपात असो, ती चरस. पानांतून काढलेला दाट अर्क कुठवर औषध आणि कुठून पुढे राळ, ही रेघ कुरिअरच्या पाकिटावर छापलेली नसते. म्हणून बिल आणि चिठ्ठी जपून ठेवावी, आणि फक्त परवानाधारकाकडूनच घ्यावं. टेलिग्रामवरून, 'ओळखीतून', बिनलेबलाच्या बाटलीत आलेलं तेल घेऊ नये. हेम्पच्या, म्हणजे कमी नशेच्या गांजाच्या झाडाच्या, बियांचा आणि बियांच्या तेलाचा मामला निराळा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. ते खाणं आहे, औषध नाही. बियांचं तेल कॅन्सरचं औषध म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर तो फसवतो आहे.

आणि औषध म्हणून याचा उपयोग किती? इथे उत्साही आणि विरोधक दोघेही आवाज चढवतात. दुर्मीळ प्रकारच्या बालवयातल्या आकडीवर शुद्ध सीबीडीचा उपयोग नीट तपासला गेला आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये अशा दोन आजारांसाठी त्याला मान्यता दिली. केमोच्या मळमळीवर आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या स्नायूंच्या ताठरपणावर गांजातले घटक उपयोगी पडतात. जुनाट वेदनेवर थोडाबहुत. कॅन्सर बरा होतो याला माणसांवरच्या अभ्यासांत आधार नाही. फिटच्या मुलाच्या आईबापांनी तर विशेष जपावं: सुरू असलेल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत, कारण फिट उलटून येते. आणि व्हॅल्प्रोएट सुरू असताना सीबीडी दिलं तर यकृतावर ताण पडतो, तेव्हा ते मेंदूविकारतज्ज्ञाला न सांगता देणं धोक्याचं आहे.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. उत्तराखंडने २०१८ मध्ये कमी नशेच्या हेम्पच्या लागवडीला परवाना दिला, जम्मूत सीएसआयआरच्या संस्थेत औषधासाठी संशोधन चालू आहे. हे सगळं चांगलं आहे, पण त्यातून निलंग्यातल्या पेशंटची आजची रात्र सुखाची होत नाही. ती ज्याने होऊ शकते ते औषध गांजा नाही, मॉर्फिन आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की गांजाच्या कार्डाचा शोध घेणाऱ्या बहुतेक घरांना खरं तर वेदना थांबवायची असते, आणि कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हेच आजही पहिलं औषध आहे. ती स्वस्त आहे. तिच्यासाठी लागणारी अफू मंदसौर-नीमचच्या शेतात पिकते, सरकारी कारखान्यात शुद्ध होते. पण १९८५ च्या कायद्याने सगळे इतके धास्तावले, की देशातला मॉर्फिनचा वापर १९८५ च्या ७१६ किलोंवरून १९९७ मध्ये १८ किलोंवर आला. वेदना कमी झाली म्हणून नव्हे. एका बाटलीसाठी वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत, आणि शेवटचा येईपर्यंत पहिल्याची मुदत संपे. दवाखान्यांनी औषध ठेवणंच सोडलं. डॉक्टरांची एक पिढी मॉर्फिन न हाताळताच तयार झाली.

केरळचे डॉक्टर एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली, २०१५ मध्ये देशभर एकच नियम आले. आता एकच मान्यता लागते, आणि ती राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून मिळते. आणि फरक इथे आहे: ही मान्यता रुग्णाला नसते, संस्थेला असते. दवाखान्याने अर्ज करायचा, वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर दाखवायचा, साठ्याची वही ठेवायची, वर्षाचा अंदाज आणि हिशेब द्यायचा. रुग्णाला वेगळं कार्ड लागत नाही. मान्यताप्राप्त संस्थेतल्या डॉक्टरची चिठ्ठी आणि त्या संस्थेच्या वहीतली त्याच्या नावाची नोंद पुरते. न्यू जर्सीत माणसाची नोंदणी होते, आपल्याकडे दवाखान्याची. माणसाला फॉर्म भरावा लागत नाही ही सोय आहे. पण जवळच्या दवाखान्याने अर्जच केला नसेल तर माणसाच्या हातात काही उरत नाही, ही अडचण आहे.

या पद्धतीत काळजी घेणाऱ्या माणसाला जागा कुठे आहे? जवळपास नाहीच. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा काळजीवाहू माणसाची व्याख्या करतो, त्याच्या भत्त्याचीही भाषा करतो. अंमली पदार्थांच्या नियमांत मात्र रुग्ण, डॉक्टर, संस्था, दुकानदार असे सगळे आहेत, आणि रोज गोळी देणारा माणूस कुठे ठळकपणे दिसत नाही. प्रत्यक्षात सगळं तोच करतो. साध्या मॉर्फिनचा असर चार तास टिकतो, म्हणून वेळापत्रक ठरलेलं असतं: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा, रात्रीचा डोस बहुधा दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठावं लागत नाही. दुखल्यावर गोळी नाही, दुखायच्या आधी गोळी. सोबत बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फिनचा तो त्रास जात नाही. वहीत वेळ लिहायची, मध्ये दुखलं तर तेही लिहायचं. हे सारं घरातली सून नाहीतर मुलगा सांभाळतो. आणि तोच माणूस लातूरहून ५० किलोमीटर एसटीने गोळ्यांची पट्टी घेऊन येताना धास्तावलेला असतो, की वाटेत कुणी विचारलं तर काय सांगायचं. डॉक्टरने चिठ्ठीवर रुग्णाच्या नावासोबत औषध नेणाऱ्याचं नाव आणि नातं लिहिलं, शिक्का मारला, तर त्याच्यासाठी तो आधार होईल. याला ना नवा कायदा लागतो ना खर्च. ही सवय आपल्या डॉक्टरांनी लावून घ्यायला हवी.

कर्करोगाचे पेशंट आपल्या भागातून लातूरच्या विवेकानंद रुग्णालयात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आणि शेवटी परळला टाटाला जातात. रेल्वेच्या डब्यात फाईल मांडीवर घेऊन बसलेली माणसं ओळखू येतात. उपचार मोठ्या गावात होतात हे समजण्यासारखं आहे. पण 'आता घरी न्या' असं सांगितल्यावर उरलेले महिने निलंग्यात, औराद शहाजानीत, कासार सिरशीत काढायचे असतात, आणि वेदनेचं औषध तिथे लागतं. फोनवरून चिठ्ठी मागवायची सोयही इथे नाही: २०२० च्या टेलिमेडिसीन नियमांनी अंमली औषधं दूरस्थ सल्ल्याने लिहून द्यायला मनाई केली आहे. म्हणजे माणसाने जावंच लागतं.

तेव्हा वाचकांना विनंती अशी. घरात असा पेशंट असेल तर गांजाच्या कार्डाच्या मागे पळू नका. ज्या दवाखान्यात उपचार चालू आहेत तिथे सुट्टी होण्याआधी तीन गोष्टी विचारा: इथे मॉर्फिन ठेवायची मान्यता आहे का, पुढचा साठा कोण आणि किती दिवसांनी देईल, आणि आमच्यातल्या कुणाचं नाव चिठ्ठीवर लिहाल. आणि पेशंट घरात नसेल तरी एक काम करता येईल. आपल्या तालुक्यातल्या किती संस्थांना ही मान्यता आहे, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अन्न व औषध प्रशासनाला विचारा. उत्तर शून्य आलं, तर तो कागद घेऊन आमदारांकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जा.